घरचं रॅगिंग

आमचे चिरंजीव गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला गेले. 'गेले' म्हणताना आवाज जरा चढतो, तो चढू द्या. तिसऱ्या प्रवेशफेरीची यादी लागेपर्यंत तो पार बसला होता. प्रवेशाच्या दिवशी खिडकीपलीकडच्या माणसाने कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. त्यात रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र होतं. विद्यार्थ्याचं वेगळं, पालकाचं वेगळं. आता मी बँकेतला कारकून. गेली पंचवीस वर्षं काउंटरमागे बसून लोकांना "वाचून सही करा हो" असं सांगत आलो आहे. पण त्या दिवशी मी काउंटरच्या पुढे उभा होतो, मागे रांग होती आणि शेजारी फीची खिडकी होती. न वाचता सही ठोकून मोकळा झालो.

तो कागद मी वाचला दिवाळीनंतर. का वाचला ते ओघाने येईलच. कागद वाचला आणि राहवेना म्हणून महाराष्ट्राचा १९९९ सालचा रॅगिंगबंदीचा कायदाही वाचून काढला. फार मोठा नाही. आमच्या हेड ऑफिसचं साधं परिपत्रक याहून लांब असतं. पण व्याख्या मोठी खमकी आहे. विद्यार्थ्याला शरीराचा किंवा मनाचा त्रास होईल, भीती, लाज, संकोच वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग. त्याला चिडवणं म्हणजे रॅगिंग. एरवी तो राजीखुशीने जे करणार नाही ते त्याला करायला सांगणं हेही रॅगिंगच. आणि हे सगळं संस्थेच्या आत केलं काय, बाहेर केलं काय, गुन्हा तो गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

मी चष्मा काढून पुसला. 'संस्थेच्या बाहेर' म्हणजे आमचं घर आलंच की त्यात! या हिशेबाने आमचे निम्मे नातेवाईक आत जायला हवेत, आणि त्या मिरवणुकीच्या पुढे बेड्या घालून मी.

सिनिअर मुलांच्या रॅगिंगची थट्टा मला करायची नाही. त्यात पोरांचे जीव गेले आहेत. कायदा उगाच झालेला नाही. पण त्या रॅगिंगला निदान कायदा आहे, समिती आहे, तक्रार करायला फोन आहे. घरच्या रॅगिंगला यातलं काहीच नाही. उलट त्याला आपण 'काळजी' असं गोंडस नाव दिलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात पोरगं जेवढं गणिताने पिचतं, त्याहून जास्त आपल्या या काळजीने पिचतं. पटत नसेल तर आरोपी एकेक करून हजर करतो.

आरोपी क्रमांक एक : माझी ताई, म्हणजे चिरंजीवांची आत्या. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला नाही तो ती पिशवीतून मिक्सर घेऊन आली.

"बघ रे जरा. चटणी अर्धी झाली की बंद पडतो."

"आत्या, मी कॉम्प्युटरला आहे."

"मग हा काय बैलावर चालतो?"

आता आत्याला कोण सांगणार की पहिल्या वर्षात कॉम्प्युटरच्या मुलालाही कॉम्प्युटर असा फारसा भेटतच नाही. शाखा कुठलीही असो, पहिलं वर्ष जवळजवळ सगळ्यांचं सारखंच. गणित, फिजिक्स नाहीतर केमिस्ट्री, मेकॅनिक्स, थोडी वीज, थोडं प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग आणि वर्कशॉप. आमच्या कॉम्प्युटर इंजिनिअरने पहिल्या सहामाहीत कीबोर्डपेक्षा जास्त वेळ कानस हातात धरली. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा घासून घासून चौरस करायचा, कोपऱ्यात काटकोन आला पाहिजे. त्याचे तळहात सोलवटले, तुकड्याचा काही काटकोन झाला नाही. घरात कधी खिळा ठोकू दिला नव्हता त्याला आम्ही. "तू अभ्यास कर, सुताराला बोलावतो," म्हणत होतो.

आरोपी क्रमांक दोन : आमचे मेव्हणे. १५ सप्टेंबरला त्यांनी भाच्याला अभियंता दिनाच्या शुभेच्छा पाठवल्या. भाच्याला इंजिनिअर होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. खाली उपदेश : 'विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले आणि पहिले आले. तूही यायला हवंस.' गोष्ट खरी आहे. १८८३ साली ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातून परीक्षेत पहिले आले. पण ते पुण्यात आले तेव्हा १८८१ साली बी.ए. होऊन आले होते, हे मामा लिहीत नाहीत. म्हणजे नव्या कॉलेजात बुजायचं, चुकायचं, घरची आठवण काढायची हे सगळं त्यांचं बंगलोरला आधीच उरकलेलं असणार. आमच्या पोराला ते मामाच्या देखत उरकायचं होतं.

आरोपी क्रमांक तीन : आमच्या सोसायटीचे चेअरमन. हे जिन्यात गाठतात. "काय, पॅकेज कितीचं मिळतं तिथे?" पोराला अजून कॉलेजचं कँटीन सापडलेलं नसतं आणि हे पॅकेज विचारतात. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर एखाद्याचा मुलगा इंजिनिअर झाला तर ती बातमी असायची. त्यानंतर झाला नाही तर बातमी होऊ लागली. चेअरमन त्या बातमीच्या मागावर असतात.

आरोपी क्रमांक चार : मी. गुन्हा सर्वांत मोठा, कारण तो रोज रात्री नऊ वाजता केला. मी फोन करायचो. "आज काय शिकवलं? कळलं का? टेस्ट कधी? मागच्या टेस्टचे मार्क लागले का?" पलीकडून एकच उत्तर, "ठीक." मी खूश. बँकेत संध्याकाळी कॅश जुळली की जसं हायसं वाटतं, तसं रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी वाटायचं. पोरगं टॅली झालं! सौ. कधी म्हणायची, "त्याचा आवाज बरा वाटत नाही हो." मी म्हणायचो, "होईल अ‍ॅडजस्ट."

हा 'अ‍ॅडजस्ट' शब्द माझ्या डोक्यात गेला आहे. जो येतो तो म्हणतो, पोरगं अ‍ॅडजस्ट होईल. मी कॉमर्सचा विद्यार्थी. अ‍ॅडजस्टमेंटची नोंद एका बाजूला करून भागत नाही हे मला एफ.वाय.ला शिकवलं होतं. एका खात्याला डेबिट, तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला क्रेडिट पडलंच पाहिजे. इथे मात्र सगळ्या नोंदी एकट्या पोराच्या खात्यावर! खोली बदलली, जेवण बदललं, भाषा बदलली, शिकवण्याची तऱ्हा बदलली; अ‍ॅडजस्ट त्याने व्हायचं. आपण तेच, आपले प्रश्नही तेच.

आणि बारा वर्षं आपण त्याची तयारी तरी कसली केली? प्रत्येक विषयाला क्लास, प्रत्येक क्लासच्या नोट्स, प्रत्येक नोट्सवर 'महत्त्वाचे' म्हणून मारलेली खूण. शेवटी सीईटी. चार पर्यायांतला एक बरोबर असतोच, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. नाही आलं तर ठोकून दे. मग एक दिवस त्याला एका प्रचंड हॉलमध्ये नेऊन बसवलं. फळ्यावर मॅट्रिक्स, पुढे कोरा कागद, आणि पर्याय एकही नाही. कुठून सुरुवात करायची हेसुद्धा त्यानेच ठरवायचं. हे त्याला आयुष्यात कोणी करूच दिलेलं नव्हतं. त्यातून तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळालेला, म्हणजे पहिला धडा होऊन गेल्यावर गाडीत चढलेला.

दिवाळीत चिरंजीव आले. भाऊबीजेची ओवाळणी ताटात पडली न पडली तोच 'सबमिशन आहे' म्हणून परत पळाले. पाहुणे यायचे होते म्हणून पळाले, हे मला तेव्हा कळलं नाही. फराळाचा डबा विसरला होता, तो घेऊन पुढच्या रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो.

चिरंजीव ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारायला शेजारच्या खोलीत गेले होते. जीटी म्हणजे मला वाटलं ग्रँड टोटल. तसं नव्हे. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि गिरवायचं. अशा गिरवलेल्या शिटा म्हणे पिढ्यान्पिढ्या चालत येतात. खोलीत त्याचा जोडीदार होता. परभणीकडचा, जिंतूर तालुक्यातला. कॉटवर बॅग उघडी, कपडे भरणं चाललेलं.

"काय, गावाला?"

"हो काका."

"दिवाळी तर झाली की."

"आता कायमचाच चाललो."

गणिताच्या पहिल्या परीक्षेत तीसपैकी पाच पडले होते. मुलगा हुशार. तालुक्यात नाव होतं त्याचं. दहावीपर्यंत मराठी शाळा. अकरावी-बारावीत इंग्रजी शब्द पाठ केले, त्याचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते वेगळंच. तो म्हणाला, "काका, प्रश्न पडतो मराठीत. इंग्रजीत विचारायचा म्हणून मनात वाक्य जुळवेपर्यंत सर फळा पुसून पुढे जातात. मग तोच प्रश्न मराठीत विचारायची लाज वाटते." अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसकट काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. चांगलंच केलं. पण इंग्रजी वर्गात मराठीत शंका विचारायला कुठल्या परिषदेची परवानगी लागते, ते त्या पोराला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मग घरी जाऊन काय सांगणार?" मी विचारलं.

"तेच कळत नाही. बाबांनी गावभर पेढे वाटलेत."

बघा म्हणजे. वाटलेले पेढे परत घेता येत नाहीत, म्हणून पोराला घरी जायची भीती. आणि इथे राहायची भीती आहेच. बॅग भरलेली, आणि जायला जागा नाही. असं पोरगं खोलीत एकटं बसलेलं असतं तेव्हा त्याच्या मनात काय काय येत असेल याचा विचार त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या मनात आला, आणि डब्यातल्या चकलीकडे माझं लक्ष राहिलं नाही.

मी वडिलकीच्या सुरात म्हटलं, "अरे, पाच तर पाच. आमचा आहे ना शेजारी, त्याला विचारत जा."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, त्याला सात आहेत."

रोज रात्री नऊ वाजता माझी कॅश टॅली होत होती ती अशी.

त्या मुलाच्या वडिलांना मी तिथूनच फोन लावला. काय बोलायचं ते धड जुळवलं नव्हतं. बँकेतून बोलतोय म्हणालो, तर ते आधी घाबरलेच. कर्जाचा हप्ता आठवला असणार. मग सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "जेवतोय का नीट?"

दोन महिन्यांत मी माझ्या मुलाला हा प्रश्न विचारला नव्हता. तो त्याच्या आईच्या खात्यातला, असं धरून चाललो होतो.

"येऊ द्या चार दिवस," ते म्हणाले. "शेंगा निघाल्यात. खाईल, झोपेल, मग लावून देतो परत. पेढ्याचं काय, ते खाऊन झाले."

चिरंजीव शीट गुंडाळत आत आले, माझ्याकडे बघितलं, जोडीदाराकडे बघितलं आणि समजायचं ते समजले.

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा उत्तर ठरवूनच विचारता, बाबा. 'ठीक' सोडून दुसरं काही म्हटलं असतं तर तुम्ही झोपला नसता. आईलाही झोपू दिलं नसतं."

यात खोडण्यासारखं एक अक्षर नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी ते प्रतिज्ञापत्र काढून वाचलं.

वाचता वाचता मला आमचे जुने हेड कॅशियर आठवले. नोकरीतल्या माझ्या पहिल्याच वर्षी, कॅश काउंटरवर बसायला लागून महिना झाला असेल, संध्याकाळी दीड हजार रुपये कमी आले. त्या वेळी दीड हजार म्हणजे पगाराचा चांगला लचका. मी घामाघूम. हेड कॅशियरनी "कसे गेले?" असं विचारलं नाही. "लक्ष कुठे होतं?" असंही नाही. त्यांनी डबा बाजूला ठेवला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि माझ्या शेजारी बसून रात्री आठपर्यंत एकेक बंडल पुन्हा मोजलं. पैसे मिळाले नाहीत. मला भरावेच लागले, बँकेने एक रुपया सोडला नाही. पण घरी जाताना ते म्हणाले, "पहिल्या वर्षी ज्याची कॅश शॉर्ट आली नाही, त्याने ती मोजलीच नसेल." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच काउंटरवर बसू शकलो तो या एका वाक्यावर. नाहीतर मीही बॅग भरली असती.

बँकेला हृदय नसतं असं सगळे म्हणतात. तरी बँकेने मला सहा महिने प्रोबेशन दिलं होतं. शैक्षणिक कर्ज देते तेव्हाही शिक्षण चालू आहे तोवर आणि वर एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. आम्ही बाप लोक पहिल्या रात्रीपासून नऊ वाजता वसुलीला उभे! युनिव्हर्सिटीला तर हृदय नसतंच, याबद्दल दुमत नाही. पण तिनेसुद्धा नापास मुलांसाठी केवढा सभ्य शब्द काढला आहे. एटीकेटी. अलाउड टू कीप टर्म्स. म्हणजे, बाबा रे, एखाद-दोन विषय राहिले तर राहू देत, वर्ष राख, पुढे चल, मागचं घेऊन ये. या बिनहृदयाच्या दोन संस्थांना जे सुचलं ते आपल्या घराला सुचू नये? घरात त्याच गोष्टीला आपण 'तोंड काळं केलं' म्हणतो.

आता यावर काही मंडळी म्हणतील, एवढी फी भरतो आम्ही, विचारायचंसुद्धा नाही? विचारा की. फी भरल्याची पावती मिळते, तिच्यावर पोराची झोप जमा केल्याचं कुठे लिहिलेलं नसतं. दुसरे म्हणतील, असे लाड केले तर पोरं घट्ट कशी होणार? माझे दीड हजार कोणी माफ केले नव्हते, मी सांगितलंच. राहिलेला विषय त्यालाच सोडवायचा आहे, पुन्हा फॉर्म भरून, पुन्हा बसून. तो भार काही कोणी उचलत नाही. फक्त शेजारी कोणी बसतं की समोर उभं राहून ओरडतं, एवढाच फरक आहे. आणि तिसरे म्हणतील, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तुमच्या वेळी रोज रात्री नऊला वाजणारा फोनही नव्हता! आठवड्याने एक कार्ड घरी जायचं, 'मी येथे खुशाल आहे'. ते खोटं असलं तरी कार्ड पोचेपर्यंत खरं व्हायला आठ दिवस मिळायचे.

पहिलं वर्ष हे इंजिनिअर होण्याचं वर्ष नसतंच. न येण्याची सवय होण्याचं ते वर्ष. न येणारी गोष्ट न लपवता, न घाबरता, उद्या पुन्हा हातात घ्यायची, एवढं एक त्या वर्षात जमलं तर बाकीची तीन वर्षं आपोआप निघतात. आणि नेमकं तेवढंच आपण त्याला करू देत नाही.

जिंतूरचा मुलगा पाचव्या दिवशी परत आला. शेंगांचं पोतं घेऊन आला, ते अख्ख्या मजल्याला पुरलं. पुढे त्या दोघांनी आपसात तोडगा काढला. त्याला पडलेली शंका आमचा वर्गात इंग्रजीत विचारायचा. त्याबदल्यात त्याने आमच्याला कानस धरायला शिकवली. खुरप्याला आणि विळ्याला धार लावत वाढलेला हात तो. त्याच्या तुकड्याचा काटकोन वर्गात सर्वांना फिरवून दाखवला म्हणे. निकाल लागला तेव्हा तो गणितात काठावर सुटला. आमच्या चिरंजीवांची गणितात एटीकेटी. शंका विचारून दुसऱ्याला पास करणारा आणि स्वतः अडकणारा माणूस आमच्याच घराण्यात निपजायचा.

ताईचा फोन आला. "काय लागला निकाल?"

"एटीकेटी," मी मोठ्याने सांगितलं. जिन्यात चेअरमन उभे होते, त्यांनाही ऐकू जावं एवढ्या मोठ्याने.

"अगं बाई! मग आता?"

"आता काही नाही. आम्हा दोघांनाही वर्ष राखायला परवानगी मिळाली आहे."

फोन मी अजूनही रात्री नऊलाच करतो. सवय जात नाही. पण पहिला प्रश्न बदलला आहे.

"जेवलास?"

"हो. तुमची कॅश जुळली का आज?"

"नाही रे. पन्नास कमी आलेत."

"ठीक आहे, बाबा," पलीकडून आवाज येतो, "होतं असं."